मागचीच्या चालीनं

आमच्या गावात युनियन म्हणजे एक बाई होती. लोक बोलायचेही तसंच. "युनियन आली का?" "आज युनियन कुठल्या रानात हाय?" "युनियनला ताप आलाय म्हणं." बाहेरगावचा माणूस हे ऐकून गोंधळायचा. त्याच्या डोळ्यांपुढे फलक, टेबलखुर्ची, घोषणा असं काही उभं राहत असेल. प्रत्यक्षात समोर यायची एक काटकुळी बाई. लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, कमरेला खोचलेलं खुरपं आणि हातात पितळी तांब्या. मी त्यांना मावशी म्हणायचे. नात्याने त्या माझ्या कुणी नव्हत्या. आज मी धाराशिवच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. ही पदवी ज्यांच्यामुळे मिळाली त्यांत आईच्या खालोखाल मावशी आहेत. खरं तर खालोखाल म्हणणंही बरोबर नाही.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं, येरमाळ्यापासून जवळ. पावसाळा लागला की सोयाबीनची खुरपणी सुरू व्हायची. खुरपायला बाया बांधापासून एका ओळीत बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या काही ओळी येतात, त्याला पात म्हणतात. आपापली पात धरून, बसल्या बसल्या पुढे सरकत, तण काढत समोरच्या बांधाला जायचं. तिथून वळून नवी पात धरायची. दिवसभर हेच. कोण पुढे गेली आणि कोण मागे राहिली, हे बांधावर उभ्या असलेल्या माणसाला एका नजरेत दिसतं. शेतवाले एखादी चपळ बाई हेरून तिला मुद्दाम पुढे काढायचे, म्हणजे तिच्यामागे बाकीच्यांची फरफट व्हायची. जी फारच मागे राहील तिला संध्याकाळी सांगितलं जायचं, उद्या येऊ नको.

तरुणपणी मावशी स्वतः अशा पुढे पळणाऱ्या होत्या. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा हात नव्हता असं जुन्या बाया अजून सांगतात. शेतवाले आदल्या दिवशीच त्यांच्या दारात येऊन सांगून जायचे.

कॉलेजात कामगार संघटनांचा धडा शिकले तेव्हा मी सुट्टीत गावी जाऊन मावशींना मोठ्या गांभीर्याने विचारलं होतं, "मावशी, युनियन काढायची प्रेरणा तुम्हाला कशातून मिळाली?"

मावशी शेंगा फोडत होत्या. "काय मिळाली?"

"म्हणजे, कशामुळं काढली?"

"म्या लई पळायचे गं. हाताला गुर्मीच तशी व्हती. समद्यांच्या आदी बांधाला. मग बसायचं एकटीनं. मागं बघावं तर बाया पार तिकडं, रानाच्या मदी. बोलाया कुणी न्हाय. सकाळधरनं सांजपतोर तोंड आंबून जायचं. एक दिवस म्हणलं, मरू दे ते पळणं. जरा दमानं जावं, म्हंजी गप्पा तरी व्हत्याल."

"एवढंच?"

"एवढंच कसं? गप्पा म्हंजी काय कमी हाय व्हय?"

तेव्हा माझी थोडी निराशा झाली होती. मला काहीतरी भारदस्त हवं होतं. पुढे शिकवायला लागल्यावर, संघटना या शब्दाची व्याख्या फळ्यावर लिहिताना, दरवर्षी माझा हात एक क्षण थांबतो आणि मला ती बांधावर एकटी बसलेली बाई दिसते, जिच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

तर मावशी दमाने जाऊ लागल्या, आणि सगळ्यांत चपळ बाईच हळू चालते म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला पुढे काढायची सोय उरली नाही. हळूहळू त्याचा नियम झाला. मागचीच्या चालीनं चालायचं. ओळीत जी सगळ्यांत मागे असेल, मग ती म्हातारी असो, पोटुशी असो, नाहीतर रात्रभर लेकराने जागवलेली असो, तिच्या चालीने सगळ्यांनी. कुणी फार पुढे गेलीच तर तिने थांबायचं आणि हात रिकामा असेल तर मागचीच्या पातीतलं समोरून काढत यायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. युनियनचं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं.

मेंबर व्हायचीही मावशींची स्वतःची रीत होती. पावती नाही, अंगठा नाही. त्यांच्या तांब्यातलं पाणी प्यायचं, झालं. ऐकायला सोपं वाटतं. पण मावशी बौद्ध. आमच्या गावात त्या काळी रानातसुद्धा पाण्याच्या घागरी दोन असायच्या, आणि कुठली कुणाची हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. मावशींनी कुणाशी यावरून वाद घातला नाही, कुणाला बोल लावला नाही. नवीन बाई युनियनमध्ये यायचं म्हणाली की त्या तांब्या पुढे करायच्या. तिने मान फिरवली तर म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे बाई. तहान लागल्यावर ये."

माझी आई एक अख्खा हंगाम तहानलेली राहिली. हे तिनेच मला सांगितलंय, हसत. दुसऱ्या वर्षी उघडीप पडली होती, ऊन चटचटत होतं, आमच्या घागरीतलं पाणी संपलेलं. आई उठली, मावशींसमोर जाऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. मावशींनी वरून धार धरली नाही. तांब्याच हातात दिला. आई तोंड लावून प्यायली. सगळ्या बाया बघत होत्या.

"झालीस मेंबर," मावशी म्हणाल्या. "आता चल, पात धर. समदं पाणी पिऊन बसलीस."

मावशींच्या तोंडून मी 'मालक' हा शब्द कधी ऐकला नाही. त्या शेतवाले म्हणायच्या. दुसऱ्या कुणी मालक म्हटलं की लगेच, "मालक म्हशीचा असतोय. माणसाला मालक नसतोय." शेतवाल्यांशी कडाक्याचं भांडण चालू असतानाही त्या अहोजाहो सोडायच्या नाहीत, पण कुणी त्यांना "ए म्हातारे" म्हणून हाक मारली की वळून मागे बघायच्या, इकडे बघायच्या, तिकडे बघायच्या आणि शेजारणीला विचारायच्या, "कुणाला बोलवायलेत बघ गं ते. कुणाची म्हातारी हरपली?" माणूस खजील होऊन "अहो मावशी" म्हणेपर्यंत हे चालायचं.

युनियनचं ऑफिस येरमाळ्याच्या बाजारात, लोहाराच्या भात्यापाशी होतं. म्हणजे तसं मावशी सांगायच्या. खुरपं बोथट झालं की शेवटून घ्यायला, म्हणजे तापवून ठोकून त्याला पुन्हा धार आणायला, चहूकडच्या गावच्या बाया बाजाराच्या दिवशी त्या लोहाराकडे येत. लोहाराला घाई नसायची, त्यामुळे बायांना थांबावं लागायचं. मावशी सकाळीच जाऊन तिथे बसायच्या. स्वतःचं खुरपं शेवटून झालं तरी उठायच्या नाहीत. कुठल्या गावची, कुणाच्या रानात जातेस, जेवायला किती वेळ बसू देतात, मागच्या बाईचं काय करतात. लोहार वैतागून म्हणायचा, "बाई, माझ्या दुकानात तुमचीच गिऱ्हाइकं जास्त."

"मग जागेचं भाडं मागू नगा म्हंजी झालं," मावशी म्हणायच्या. "भाता ओढू का जरा?" आणि खरोखरच ओढायला बसायच्या.

चैत्रात येरमाळ्याला येडाई देवीची यात्रा भरते. मावशी देवळात जायच्या नाहीत. पण यात्रेच्या प्रथेप्रमाणे चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचायला लोटलेली बायांची गर्दी बघायला न चुकता जायच्या. एका वर्षी मी त्यांच्याबरोबर होते. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. मग माझा हात दाबून म्हणाल्या, "बघ गं, एवढ्या बाया एका रानात वाकल्यात, आन बांधावर वरडाया कुणी न्हाय."

एकदा तुळजापूरला शेतमजुरांचा मोठा मेळावा होता. मांडव, स्टेज, माईक सगळं. कुणीतरी मावशींचं नाव सुचवलं, म्हणून त्यांना स्टेजवर बोलावलं, खुर्ची दिली. मावशी खुर्चीत पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या. त्यांची पाळी आली. त्या माईकपाशी गेल्या आणि विचारलं, "मागं ऐकू येतंय का?"

मागून कुणीतरी ओरडलं, "न्हाय!"

यावर लोक सहसा माईकवाल्याकडे बघतात. मावशी स्टेजवरून उतरल्या. मधल्या वाटेने चालत गर्दीच्या पार टोकाला गेल्या, जिथे तापल्या उन्हात मांडवाबाहेर बाया बसल्या होत्या, आणि तिथे उभ्या राहून बोलायला लागल्या. सगळ्या मांडवाला माना वळवाव्या लागल्या. पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे आता सगळ्यांत मागे झाले. एक गृहस्थ आपली खुर्ची उचलून फिरवताना मी पाहिले. मावशींनी बायांना पहिला प्रश्न काय विचारला असेल? "जेवणं झाली का?" झाली नव्हती. मग त्या तिथेच संयोजकांना म्हणाल्या, "आदी ह्यांची जेवणं करा, मग आमी ऐकताव तुमचं."

त्यांना पुन्हा कुठल्या मेळाव्याला बोलावल्याचं मला आठवत नाही.

युनियनने मोठा संप एकच केला. मी बारावीत होते. वडील मी लहान असतानाच गेलेले, घर आईच्या हातावर चालायचं. त्या उन्हाळ्यात आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं. टाके भरले, पण उकिडवं बसून पुढे सरकायचं म्हटलं की तिच्या कमरेतून कळ निघायची. तरी खुरपणी लागल्याबरोबर ती कामाला गेली. रान आबांचं होतं. आबा म्हणजे गावातले मोठे शेतवाले. माणूस दुष्ट नव्हता. दिवाळीला बायांना फराळ द्यायचा, कुणाचं दुखलंखुपलं तर जीप द्यायचा. पण बांधावर उभं राहिलं की त्याला फक्त ओळ दिसायची.

चार-सहा दिवसांनी एका संध्याकाळी आबांनी सालगड्याला, म्हणजे त्यांच्या घरी वर्षावर राबणाऱ्या गड्याला, विचारलं, "ती मागची कोण हाय? तिच्यापायी समदी ओळ रेंगाळायलीय. उद्यापासून तिला नगं म्हण." मग आईचा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "बाई, पोरगी हाय ना तुला? तिला पाठीव तुझ्या जागी. तुझं बी भागंल, माझं बी."

आई म्हणाली, "व्हय जी."

आबांच्या मनात खोट नव्हती, हे मला आजही वाटतं. म्हणूनच ती गोष्ट भयंकर होती. घरी आल्यावर आईने खुरपं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "उद्या हे तू घे. माझं बरं झालं की जाशील परत कॉलेजला." आमच्या गल्लीत अशा चार-दोन दिवसांसाठी म्हणून शाळेतून निघालेल्या मुली होत्या. त्यांच्या कडेवर आता लेकरं होती. मी उठून दप्तर खुंटीला अडकवलं.

सकाळी बायांबरोबर रानात गेले. मावशी पाय पसरून बांधावर बसल्या होत्या.

"कुठं निगालीस?"

"आईच्या जागी."

"आईची जागा तुला कुणी दिली?"

"आबांनी."

"आबांची हाय व्हय ती? रान आबांचं. पात बाईची." त्यांनी माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं. "कळंबची गाडी?"

"गेली."

"उद्याची पकड. आन जा, तुझ्या आईला बोलावून आण. म्हणावं, पोरगी न्हाय चालत आमाला. आमच्या युनियनीत पोरी घेत न्हाईत."

आई आली तेव्हा सगळ्या बाया बांधाच्या कडेने ओळीत बसलेल्या होत्या आणि एकीनेही पात धरलेली नव्हती. आई घाबरून गेली. "मावशे, माझ्यापायी नगं," ती म्हणत राहिली. मावशी म्हणाल्या, "तुझ्यापायी कोण करायलंय? उद्या माझं गुडघं गेलं तर मला बी हेच सांगत्याल." संपाची घोषणा झाली ती एवढीच.

पुढे जे झालं ते फक्त आमच्याच बायांच्या हातून होऊ शकतं. बाया बसल्या त्या पिकाला लागून. गप्पा रंगल्या. दुपारच्याला आबा मोटारसायकलवरून आले, उतरले, बघत राहिले आणि मोठ्याने हसायला लागले. गप्पा मारता मारता बायांनी हाताला लागेल ते तण उपटलं होतं. बसल्या जागी समोरचं, बाजूचं, पुढे वाकून हात पोहोचेल तिथवरचं. बांधाकडेचा पिकाचा अख्खा पट्टा स्वच्छ झाला होता.

"संप असावा तर असा!" आबा म्हणाले. "करा गं बायांनो, रोज करा!"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मावशींनी स्वतःची मूठ उघडून बघितली. तिच्यात केन्याचं तण होतं, मुळासकट. एक बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं बया, ह्या हाताला कुणी सांगावं संप हाय म्हणून!"

"हाताला मेंबर कराया इसरलो आपण," मावशी म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "उद्या समद्यांनी सुई-दोरा आणा. आन जुनी लुगडी."

दुसऱ्या दिवशी बांधावर वाकळ शिवायला बसली सगळी युनियन. हातांना काम मिळालं, तण सुखरूप राहिलं. आबांच्या सालगड्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. संध्याकाळी मावशींनी ती वाकळ त्याच्या खांद्यावर टाकली. "लेकराला घाल." आबांचा निरोप घेऊन दरडावायला आलेला तो माणूस निरोप न सांगताच परत गेला.

तिसरा दिवस रविवारचा, त्यामुळे मी बांधावर होते. सकाळीच एक टेम्पो आला. आबांनी लांबच्या गावच्या बाया आणल्या होत्या. आमच्या बाया उठून उभ्या राहिल्या. "मावशे, आडवा की!" "टेम्पोसमोर बसू!"

"बसा खाली," मावशी म्हणाल्या. "त्या काय चोऱ्या कराया आल्यात? त्यांस्नी बी घरी चूल हाय." आणि त्यांनी तांब्या भरून त्या बायांना पाणी विचारलं. काही प्यायल्या, काहींनी नको म्हटलं. मग त्यांनी पाती धरल्या आणि कामाला लागल्या. आमच्या डोळ्यांसमोर आमचं काम सरकत चाललं. आई माझ्याकडे बघत होती. मला कळत होतं की तिच्या मनात खुरप्याचा हिशोब पुन्हा सुरू झालाय, ते आईच्या हातातून माझ्या हातात यायचा.

मावशी मात्र शांतपणे त्या ओळीकडे बघत होत्या, यात्रेत बायांच्या गर्दीकडे बघायच्या तशा.

त्या ओळीतही एक मागे राहत होती. दिवस गेलेली बाई होती, बरेच महिने भरलेले. उन्हं वर आली तसं तिचं अंतर वाढत गेलं. आबा बांधावर आले. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि सवयीने म्हणाले, "ती मागची कोण हाय? उद्या तिला टेम्पोत घेऊ नका."

ते शब्द हवेतच राहिले. टेम्पोतून आलेल्या बायांपैकी सगळ्यांत पुढची, उंच, सावळी बाई थांबली. तिने मान वर करून पाहिलं, आबांकडे नाही, मावशींकडे. मावशींनी त्या मागच्या बाईला हाक मारली, "ये माय, हितं सावली हाय. बस वाईच."

ती बाई पोटाला हात लावून उठली आणि येऊन माझ्या आईशेजारी बसली. आईने सरकून तिला जागा करून दिली.

मग ती उंच बाई आली. "मावशी, वळखलं का? लोहाराकडं भेट झाली व्हती. भाता ओढत व्हतात तुमी."

"वळखलं की. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तू नुसती व्हय व्हय म्हणत व्हतीस."

"तवा मला वाटलं म्हातारीला बोलायची हौस हाय." तिने आईकडे बोट केलं. "ही का ती? जिच्यापायी बसलात?"

"हीच. आन आता ही दुसरी."

त्या उंच बाईने खुरपं खाली ठेवलं. तिने मागे वळून आपल्या बायांना नुसती हात हलवून खूण केली. एकेक करून सगळ्या आल्या. दुपारच्या भाकरी सोडायच्या वेळेला बांधावर दोन्ही गावच्या बाया एका ओळीत बसल्या होत्या, रान मोकळं होतं आणि बालाघाटाच्या बाजूने आभाळ काळं होत चाललं होतं. पाऊस पडला की चिखलात खुरपणी होत नाही, आणि तण थांबत नाही.

आबा आभाळाकडे बघत होते. "मावशी, एकदाचं सांगून टाका. हजेरी वाढवून पायजे का?"

"न्हाय."

"मग पायजे तरी काय?"

"चाल."

"म्हंजी?"

"चाल आमी ठरवू. मागचीच्या चालीनं समद्या. मागची म्हणून कुणाला घरी पाठवायचं न्हाय, आन आईच्या जागी पोर मागायची न्हाय."

आबांना हे मागणं कळायला वेळ लागला. पैसे मागितले असते तर त्यांनी घासाघीस केली असती. यात घासाघीस कुठे करायची तेच त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "बरं. या उद्या समद्या."

"समद्या म्हंजी कोण कोण?"

"आता काय नावं घेऊ का एकेकीची?"

"एकीचं घ्या."

आबा आईकडे बघत राहिले. आई कित्येक वर्षं त्यांच्या रानात राबत होती. त्यांनी सालगड्याकडे पाहिलं. सालगडी हळूच म्हणाला, "गयाबाई." आबा घसा साफ करून म्हणाले, "गयाबाई, तुमी बी या."

आईने तोंडाला पदर लावला. त्या रानात तिला कुणी 'तुमी' म्हणण्याची ती पहिली वेळ.

आता आमच्याकडे खुरपणी फारशी राहिलेली नाही. पाठीवर पंप घेऊन एक गडी तणनाशक मारत जातो आणि बायांच्या सगळ्या पाती एका दिवसात मिटतात. युनियन कुठल्या आबांपुढे हरली नाही, औषधाच्या बाटलीपुढे हरली. मावशी थकल्यात. त्यांना याचं दुःख आहे का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तण गेलं ते बरं झालं गं, कमरा वाचल्या. पर बाया कुठं भेटायच्या आता?" मग माझ्या शाळेची चौकशी सुरू झाली. त्या कॉलेजला शाळाच म्हणतात.

"तुझ्या वर्गात मागची कोण हाय?"

मी एका मुलीचं नाव सांगितलं. अभ्यासात फार मागे, शेवटच्या बाकावर बसते.

"मग काय करतीस तिचं?"

"पुढच्या बाकावर बसवलंय."

"ती पुढं येऊन काय व्हतंय? तू मागं जा की."

मी शिकलेली, त्यांच्या कौतुकाची, तरी मावशींसमोर मला अजून बारावीतल्यासारखंच वाटतं. देवळात गेल्यावर माणसाचा आवाज जसा आपोआप खाली येतो, तसा माझा त्यांच्या ओसरीवर येतो.

संप मिटला त्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

पाऊस हुलकावणी देऊन गेला होता. मी दप्तर घेऊन फाट्यावर कळंबच्या गाडीची वाट बघत उभी होते. आबांचं रान रस्त्याला लागूनच. बायांनी पाती धरल्या, आईला मधली पात दिली होती. आणि आई सुटलीच. झपाझप हात चालवत, ओठ घट्ट मिटून, ती सगळ्यांच्या पुढे निघाली. आपल्यापायी बायांचे तीन दिवस गेले, ते आपण एका दिवसात फेडून टाकावेत असं तिला झालं होतं. तिची कंबर दुखतेय हे मला रस्त्यावरून दिसत होतं.

"गया!" मावशींचा आवाज आला. "कुठं पळायलीस?"

"जमतंय वो मला."

"जमतंय? मग आमी येड्या म्हणून बसलो व्हतो का बांधावर? थांब तितंच!"

आई थांबली. ओळ तिच्यापाशी आली.

"आता तुझ्या चालीनं चल. आमी मागं."

"किती हळू जाऊ?"

"दुखंल न्हाय इतकी."

आई खाली बघत बसून राहिली. दुखणार नाही अशी चाल कशी असते हे तिला माहीतच नव्हतं. आयुष्यभर कुणी तिला ती विचारलीच नव्हती. तिने थोडं सरकून पाहिलं. थांबली. पुन्हा सरकली. सगळ्या बाया हातात खुरपी धरून तशाच थांबल्या होत्या, कुणी घाई केली नाही. मग आईचा हात एका संथ लयीत चालायला लागला आणि तिच्या दोन्ही बाजूंनी ओळ हलली. कुणीतरी काहीतरी बोललं. हशा फुटला. त्यात आईचाही आवाज होता.

गाडी आली. कंडक्टर म्हणाला, "ए पोरी, चढतीस का बघत बसतीस?"

मी मागच्या खिडकीशी जाऊन बसले. या गाडीतून मी रोज आईला बघायचे. ती लगेच सापडायची, बाकीच्या थांबत गेल्या तरी थोडी मागे, एकटी. गाडी वळणावर जाईपर्यंत मी त्या रानाकडे बघत होते. ओळ सरळ होती. त्यातली आई कुठली, ते मला ओळखता आलं नाही.